शहाण्णव टाक्या

१

मंगळवारी सकाळी पावणेआठला केयूर रेडीजने ऑफिस सांभाळणाऱ्या सफूरासमोर आपल्या केबिनमधलं कपाट उघडलं, हिरवी फाइल काढली आणि टेबलावर उपडी केली. फाइलमध्ये बेचाळीस कागद असायला हवे होते. पडला एकच.

दुपारच्या जेवणापर्यंत ही बातमी ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या त्या टाक्यांच्या कारखान्यात भट्टीपासून गेटपर्यंत तीनदा फिरून आली. पहिल्या फेरीत कागद हरवले होते, दुसरीत चोरीला गेले होते आणि तिसरीत चोरही सापडला होता. चोराचं नाव एकनाथ शिगवण.

स्टोअरचा प्रमुख सिराज पारकर तेव्हा झाकणांची खोकी मोजत होता. खिडकीवर झाकणांचं रजिस्टर उघडं पडलं होतं. आदल्या दुपारी केयूर ते अर्धा तास चाळून तसंच टाकून गेला होता. शिकलेल्या माणसांना वस्तू जागेवर ठेवायला कोणत्या इयत्तेत शिकवतात, असा विचार सिराजच्या मनात चालला होता, तेवढ्यात एकनाथचं नाव कानावर आलं आणि तो मोजलेला आकडा विसरला.

एकनाथ दोन नंबर लाइनचा सुपरवायझर. गुहागरकडचा, एकोणपन्नास वर्षांचा, बोलायला कंजूष. सिराज रत्नागिरीच्या खाडीकाठचा, आणि बोलण्यात त्याच्याइतका उधळ्या माणूस सबंध बातिना किनाऱ्यावर नव्हता. एकोणीस वर्षं दोघं कॅम्पात शेजारशेजारच्या खोल्यांत राहिलेले. भिंतीपलीकडच्या घोरण्यावरून एकनाथला घरून पत्र आलंय की नाही ते आपल्याला कळतं, असं सिराज सांगायचा.

हे सगळं २०१५ च्या नोव्हेंबरातलं. तेलाचा भाव उतरला, बांधकामं थांबली आणि घरांच्या गच्च्यांवर चढणाऱ्या प्लास्टिकच्या टाक्यांची मागणी आटली. अर्बाबने, म्हणजे मालकाने, उत्पादकता वाढवायला केयूरला आणला. चिपळूणचा मुलगा, पुण्यात शिकलेला इंजिनीअर, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. उत्पादकता म्हणजे काय ते त्याने पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दाखवलं होतं: निघालेल्या टाक्या, भागिले राबलेली माणसं. वरचा आकडा वाढायची सोय नव्हती, कारण गिऱ्हाईकच नव्हतं. राहिला खालचा.

केयूरने ऑक्टोबरभर एक दिवसाआड दोन नंबर लाइनवर स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक कामाचा वेळ टिपला. एकेचाळीस कागद भरले. बेचाळिसाव्यावर हिशेबाचा निकाल: चोवीस माणसं दिवसाला शहाण्णव टाक्या काढतात, मागणी साठची, सबब पंधरा माणसं पुरेत. नऊ घरी.

अर्बाब सही करायला तयार होता, पण गडी विचित्र. तरुणपणी चार वर्षं मुंबईत खजुराच्या व्यापारात काढलेली, त्यामुळे त्याच्या हिंदीला मशीद बंदराचा वास आणि स्वभावाला घासाघिशीची सवय. ज्या कागदांवरून नऊ माणसांना घरी पाठवायचं ते सगळे कागद आधी डोळ्यांनी बघणार, असं त्याने ठरवलं होतं. नेमके तेच गेले; उरलं ते फक्त निकालाचं शेवटचं पान.

केबिनच्या दोनच किल्ल्या. एक केयूरच्या खिशात, दुसरी सफूराच्या टेबलामागच्या फळीवर. सोमवारी केयूर चारला गेला. साडेचारला एकनाथने फळीवरची किल्ली वहीत सही करून घेतली, रोजचा हजेरीचा रिपोर्ट केबिनमध्ये ठेवला आणि दहा मिनिटांत किल्ली परत केली. त्यानंतर ती हललेली नाही. कुलूप शाबूत.

अर्बाबने सिराजला बोलावलं. हरवलेली वस्तू शोधण्यात सिराजचं नाव होतं. एकदा फोर्कलिफ्टची किल्ली बकऱ्याच्या पोटात आहे हे त्याने नुसत्या बकऱ्याच्या चालीवरून ओळखलं होतं. साक्षीला बकरा मात्र हयात नाही.

“सिराज, तुम ढूंढो,” अर्बाब म्हणाला. “थर्सडे बारा बजे तक पेपर आया तो ठीक. नहीं तो एकनाथ शाम का प्लेन. खलास.”

प्लेन म्हणजे चोरीचा शिक्का घेऊन घरी. वर दोन वर्षं ओमानचं दार बंद. बावीस वर्षं ज्याने एक खिळा खिशात घातला नाही, त्याने गावातल्या लोकांसमोर कोणतं तोंड घेऊन जायचं?

सिराज तडक लाइनवर गेला. एकनाथ थंड होणाऱ्या साच्यांच्या पंख्यापाशी उभा होता.

“कागद तू घेतलेस?”

“नाय.”

“मग तसं सांग ना अर्बाबला. तोंडाला काय कुलूप घातलंयस?”

एकनाथने पंख्याकडे बघत सांगितलं, “कागद नाय घेतले, सिराजभाय. पण चूक माझीच हाय.” आणि तो साच्याकडे वळला. त्यापुढे त्याच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर सिराजने त्याला बिर्याणी चारली असती.

२

सिराजने सुरुवात सफूरापासून केली. ती सोहारचीच, बलुची घरातली. हिंदी अशी बोलायची की नवीन माणूस तिला विचारायचा, बाई, तुमचं गाव कुठलं. कारखान्यात ओमानी माणसांचं प्रमाण वाढवायची जबाबदारी तिची. परदेशी नऊ कमी झाले की तिचा आकडा आपोआप सुधारणार होता. म्हणजे कागद पळवून तिचं नुकसानच होतं. सिराजने हे तिला आडून विचारायचा प्रयत्न केला, तर तिने सरळ विचारलं, अंकल, मी चोर दिसते की गाढव? सिराजने दोन्ही नाही म्हणून सांगितलं आणि चहा मागितला.

चहाबरोबर तिने जे सांगितलं त्याने चहा कडू झाला. सोमवारी किल्ली परत करताना एकनाथचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने तिला विचारलं होतं, अर्बाबची सही झाल्यावर कागद बदलता येतो का? तिने नाही म्हटलं होतं.

अर्बाबला हे अजून ठाऊक नव्हतं. सिराजने तिला विनवलं की गुरुवारपर्यंत ठाऊक होऊ देऊ नकोस. ती म्हणाली की विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण आपणहून सांगायलाही जाणार नाही.

दुसरा संशयित उत्तम, भट्टीवाला. महाडचा. छाती दरवाजाएवढी आणि राग त्याहून मोठा. माणसं कमी होणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा मेसमध्ये सगळ्यांदेखत हा म्हणाला होता, त्या घड्याळवाल्याला साच्यात घालून फिरवतो. साच्यात प्लास्टिकची पावडर घालून भट्टीत फिरवली की टाकी तयार होते, त्यामुळे धमकी अगदीच हवेत नव्हती.

सिराजने त्याला भट्टीपासून बाजूला घेतलं आणि केबिनमध्ये गेला होतास का, असं विचारलं. उत्तम हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती.

“सिराजभाई, माझ्यासमोर तीनशे डिग्रीची भट्टी. मला कागद मिळाले असते तर तुम्ही आज राखेला विचारत असता. आणि मी सगळ्यात आधी ते शेवटचं पान जाळलं असतं, नऊ माणसं जाणार असं लिहिलेलं. बाकीचे आकडे मला काय कळतात?”

सिराज गप्प झाला. ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती की उत्तमने त्याला बरं वाटतंय ना, असं विचारलं. पण सिराजच्या डोक्यात एक खिळा बसला होता. कामगाराने चोरी केली असती तर माणसांचा जीव घेणारं पान नेलं असतं. इथे चोराने ते पान शिल्लक ठेवलं आणि बिनकामाचे वाटणारे एकेचाळीस कागद उचलले. कोणाला भीती वाटावी असं काय होतं त्यांच्यात?

उत्तम भट्टीकडे परतताना स्वतःशीच पुटपुटला, “आणि ह्याच्यासाठी आम्ही ऑक्टोबरभर खांदे मोडून घेतले.”

सिराजने हाक मारली, पण भट्टीचा भोंगा वाजला आणि उत्तम आत शिरला.

३

केयूर केबिनमध्ये दाढी न करता बसला होता. सिराजला बघून तो उभा राहिला; मोठ्या माणसासाठी खुर्ची सोडायची चिपळूणची सवय पुण्याने मोडली नव्हती.

“बसा, सिराजचाचा. काही कळलं?”

सिराजने कळलेलं सांगितलं नाही. आपण अडाणी माणूस, स्टॉपवॉच म्हणजे शर्यतीत वापरतात तेवढं ठाऊक, तेव्हा त्या कागदांवर काय असतं ते समजावून सांगा, असं म्हणाला. केयूरने समजावलं. कडा तासायला इतके सेकंद, पितळी नळ बसवायला इतके. समजावताना त्याचा आवाज हळूहळू सरळ झाला. त्याला ते काम मनापासून आवडत होतं, हे सिराजने टिपून ठेवलं.

“आणि हा माणूस नेहमी एवढ्याच वेगाने चालतो, की आज घाईत आहे, ते कसं कळतं?”

“त्याचा वेगळा रकाना असतो. रेटिंग. बघणाऱ्याने ठरवायचं. नेहमीच्या वेगाला शंभर, घाईत असला तर एकशे वीस, एकशे तीस. त्यावरून सेकंद वाढवून धरायचे. शिवाय पाणी पिणं, नमाज, उकाडा, यासाठी वेगळी सवलत द्यायची.”

“तुम्ही किती लिहिलंत?”

केयूरने खिडकीकडे बघितलं. बाहेर वाळूवर पांढऱ्या टाक्या रांगेने उभ्या होत्या.

“शंभर,” तो म्हणाला. “सगळ्यांना शंभर. सवलत अगदी थोडी. दोन नंबर लाइनवर मी कधी कोणाला पाणी पिताना बघितलंच नाही.”

सिराजने निरोप घेतला. दाराशी त्याने सहज विचारावं तसं विचारलं, सोमवारी चारनंतर परत आला होतात का? केयूर म्हणाला नाही. उत्तर इतकं लवकर आलं की प्रश्न अजून दारातच होता.

स्टोअरकडे चालताना सिराजचे पाय मध्येच थांबले. सत्तावीस वर्षांत एकाही इंजिनीअरने झाकणांचं रजिस्टर मागितलं नव्हतं. ह्याने मागितलं होतं, आणि दुसऱ्या सकाळी कागद गायब होते.

४

एका टाकीला एक झाकण. ना दोन, ना अर्धं. ऑफिसात महिन्याची बेरीज जाते, यार्डातल्या टाक्या आठवड्याने मोजतात. पण झाकणं रोज स्टोअरमधून निघतात आणि उरलेली रोज परत येतात. त्यामुळे कोणत्या दिवशी किती टाक्या झाल्या हे जगात एकाच जागी लिहिलेलं होतं, आणि ते सिराजच्या हातानेच.

बुधवारी सकाळी त्याने चष्मा पुसला आणि रजिस्टरमधली दोन नंबर लाइनची पानं काढली. सप्टेंबर: बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर. ऑक्टोबर: शहाण्णव, पन्नास, पंच्याण्णव, एकोणपन्नास, शहाण्णव, पन्नास. जणू एकाच लाइनवर दोन वेगळ्या टोळ्या एक दिवसाआड येत होत्या. शहाण्णवचे दिवस रविवार, मंगळवार, गुरुवार. स्टॉपवॉचचे दिवस.

लिहिताना त्याने रोजचा आकडा रोज लिहिला होता, पण दोन आकडे शेजारी ठेवून बघायची बुद्धी त्याला झाली नव्हती. हरवलेलं हुंगून काढणाऱ्या स्वतःच्या नाकाचं कौतुक सांगणाऱ्या सिराजला त्या सकाळी आपलं नाक कापून ठेवावंसं वाटलं.

तो रजिस्टर काखेत मारून एकनाथकडे गेला आणि एकच शब्द म्हणाला, “शहाण्णव.”

एकनाथ रिकाम्या पिंपावर बसला. मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. केयूर पहिल्यांदा घड्याळ घेऊन आला त्या दिवशी एकनाथनेच माणसांना गोळा करून सांगितलं होतं. हा आपल्या मुलखातला मुलगा, प्रोबेशनवर आलाय. अर्बाब आपल्या आकड्यांवरून त्याची परीक्षा घेणार. शाळेत तपासनीस यायचा तेव्हा आपण मास्तरांची मान खाली जाऊ देत होतो का? मग ह्याचीही जाता कामा नये. माणसांनी पाणी सोडलं, विडी सोडली, नमाजाची सुट्टी पाळीपाळीने घेतली, आणि शहाण्णव काढल्या. दुसऱ्या दिवशी हात वर होत नव्हते. तिसऱ्या दिवशी पुन्हा शहाण्णव. त्यांना वाटलं, घड्याळ लावलंय ते केयूरला.

“सोमवारी रिपोर्ट ठेवायला गेलो,” एकनाथ म्हणाला, “तर टेबलावर ते पान. चोवीसाच्या जागी पंधरा. माझ्याच शब्दावर नऊ जणांनी आपली पोटं कापली.”

“मग अर्बाबला सांगायचं नाय?”

“काय सांगू? आमी खोटं काम दाखवलं म्हणून? मग नऊ कशाला, चोवीसच्या चोवीस लबाड ठरतील. त्यापेक्षा मी चोर बरा.”

सिराजने त्याचा दंड धरला. “थांब. पान टेबलावर होतं? फाइलमध्ये नाय?”

“टेबलावर. फाइलच्या वर, उघडं.”

मंगळवारी सकाळी ते फाइलमध्ये होतं, कपाटात. एकनाथनंतर फळीवरची किल्ली हलली नव्हती. सिराजला आता चोराचं नाव कळलं होतं, आणि ते कळल्याचा त्याला अजिबात आनंद झाला नाही. ते नाव घ्यायचं तर एकनाथचं गुपितही उघडं पडणार होतं.

५

गुरुवारी साडेअकराला अर्बाबच्या खोलीत पाच माणसं होती. अर्बाब, सफूरा, केयूर, एकनाथ, सिराज. एकनाथने बॅग दाराबाहेर ठेवली होती. त्याचं तिकीट अर्बाबच्या पेपरवेटखाली होतं.

सिराज आज एकही फुशारकी न मारता बोलला. चोराने कोणतं पान ठेवलं आणि कोणती नेली ते त्याने आधी सांगितलं. ज्याला माणसं वाचवायची होती त्याने शेवटचं पान नेलं असतं. ज्याने ते नेलं नाही, त्याला भीती होती ती एकेचाळीस कागदांवरच्या तारखांची. त्या तारखा झाकणांच्या रजिस्टरशेजारी ठेवल्या की कोणीही दोन मिनिटांत ओळखेल की मोजमाप खोट्या दिवसांचं आहे. आणि तारखांचं मोल कळणारा, रजिस्टर बघितलेला, केबिनची किल्ली खिशात असलेला माणूस ह्या खोलीत एकच आहे. सोमवारी संध्याकाळी तो परत आला, टेबलावरचं पान फाइलमध्ये ठेवलं आणि बाकीचे कागद घेऊन गेला.

त्याने नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. केयूरने पायाजवळची लॅपटॉपची बॅग उचलली आणि कागदांची चळत टेबलावर ठेवली. एकाही कागदाला घडी नव्हती.

“फाडणार होतो,” तो सिराजला म्हणाला, मराठीत, जणू खोलीत दुसरं कोणी नव्हतंच. “आकडे फाडवत नाहीत, चाचा. सोमवारी घड्याळ न घेता सहज लाइनवर गेलो. माणसं चालत होती. नुसती चालत होती. मी त्यांना कधी चालताना बघितलंच नव्हतं. आपलं सगळं चुकलंय हे कळलं, आणि अर्बाब कागद मागणार हेही.”

“आणि एकनाथचं तिकीट निघालं तेव्हा?”

केयूरचे कान लाल झाले. चुकीपेक्षा तेव्हाचं हे गप्प बसणं मोठं होतं, आणि ते त्याला कळत होतं.

सिराजने त्याचं बोलणं हिंदीत सांगितलं आणि अर्बाबने सफूराकडून सगळं अरबीत नीट समजून घेतलं. मग तिकीट पेपरवेटखालून काढलं आणि केयूरसमोर सरकवलं.

“तो तुम जाओ,” तो म्हणाला.

तेव्हा एकनाथ उठला. बावीस वर्षांत तो अर्बाबच्या खोलीत पहिल्यांदा न विचारता बोलत होता. मोडक्या हिंदीत त्याने मास्तर, तपासनीस, पाणी, विडी, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला की साहेबांनी चुकीचं मोजलं, पण चुकीचं दाखवलं आम्ही. ते एकटे जाणार नाहीत.

अर्बाबने धंद्याचा प्रश्न विचारला. खरा आकडा बहात्तर धरला तर साठ टाक्यांना माणसं किती?

“वीस,” केयूर खालच्या आवाजात म्हणाला.

“मतलब चार जाएगा.”

सत्याने नवांचे चार केले होते, शून्य केलं नव्हतं. सिराजला हे कालपासून ठाऊक होतं. भागाकार त्यालाही येत होता.

“बहात्तरवरही माझा विश्वास नाही,” केयूर म्हणाला. “ते रजिस्टरमधलं आहे, मी बघितलेलं नाही. उन्हाळ्यात साचे थंड व्हायला किती वेळ घेतात, कोणाला कुठे थांबावं लागतं, मला काहीच माहीत नाही.”

अर्बाब म्हणाला की मग आपण स्वतः घड्याळ घेऊन उभे राहतो. सिराजने मान हलवली. “अर्बाब, ये खड़ा रहा तो लोग प्यार से भागा. आप खड़ा रहेगा तो डर से भागेगा. नंबर दोनों गलत.”

अर्बाबने त्याच्याकडे असं बघितलं की सिराजला क्षणभर आपलंच तिकीट दिसलं. मग अर्बाबने केयूरपुढे तळहात धरला. केयूरला कळायला थोडा वेळ लागला. त्याने गळ्यातलं स्टॉपवॉच काढून त्या हातावर ठेवलं. अर्बाबने ते ड्रॉवरमध्ये टाकलं, तिकीटही त्यावर टाकलं आणि निकाल दिला. केयूरने एक महिना दोन नंबर लाइनवर कामगार म्हणून उभं राहायचं. महिन्याने एकनाथ, केयूर आणि सिराज, तिघांनी मिळून आकडा आणायचा. आणि आकड्याबरोबर घरी जाणाऱ्यांची नावं आणायची. ती एकनाथने लिहायची.

एकनाथने दाराबाहेरची बॅग उचलली. ती येतानापेक्षा जड झाल्यासारखा तो कॅम्पाकडे चालू लागला.

६

शनिवारी सकाळी सातला केयूर निळ्या कपड्यांत कडा तासायच्या जागेवर उभा राहिला. कपडे एक माप मोठे होते. कोणी त्याला नमस्कार केला नाही, कोणी हसलं नाही. उत्तमने भट्टीतून साचा बाहेर ओढला आणि त्याच्याकडे न बघता पुढे ढकलला.

सिराज झाकणांची खोकी द्यायला स्वतः आला होता, जे काम तो एरवी कधी करत नसे. त्याला तिथे थांबायचं काही कारण नव्हतं, तरी तो थांबला. लाइनवरच्या चोवीस माणसांपैकी चार कोण, हे त्याच्या डोळ्यांनी नकळत शोधायला सुरुवात केली होती. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याने नजर झाकणांवर आणली.

केयूरने सुरी घट्ट धरली आणि पहिली कड झपाट्याने तासायला घेतली. दुसरी त्याहून झपाट्याने. चौथ्या टाकीला त्याच्या मनगटाने दगा दिला, पाचवीला घाम डोळ्यांत उतरला. तरी तो थांबेना. सगळ्यांना दिसावं असं त्याला वाटत असणार. शेजारचा माणूस पाणी प्यायला गेला. केयूर गेला नाही.

एकनाथ मागून आला आणि त्याने पाण्याचा पेला केयूरच्या कामाच्या फळीवर ठेवला.

“साहेब, सावकाश,” तो म्हणाला. “हात संध्याकाळपर्यंत पुरला पाहिजे.”